डब्यात काय उरलं

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षात मला अडवलं ते वनस्पतिशास्त्रानं नाही, आणि रसायनशास्त्राची तर तेवढी हिंमतच नव्हती. मला अडवलं पर्यावरणानं. हा विषय सगळ्यांना सक्तीचा. हजेरीपटावर सव्वाशे नावं आणि बाकांवर पंधरा जण, त्यातले दहा दुसऱ्याच विषयाची जर्नल पूर्ण करत बसलेले. सत्तर गुणांची लेखी परीक्षा आणि तीस गुणांचा प्रकल्प. लेखी परीक्षा मी दुसऱ्या वर्षी आरामात पास झाले. प्रकल्प मात्र दिलाच नाही. "असले प्रकल्प कोण वाचतंय?" असं मी वर्गभर सांगत फिरले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मग सगळ्यांनी गुपचूप आपापले प्रकल्प देऊन टाकले. राहिले मी एकटी.

फेब्रुवारीच्या अकरा तारखेला पाचव्या सेमिस्टरचा निकाल लागला. सगळ्या विषयांत पहिला वर्ग आणि खाली एकच शब्द, राखीव. ऑफिसातल्या क्लार्कनं काचेपलीकडून मान न उचलता सांगितलं, "सक्तीचा विषय सुटल्याशिवाय पदवी न्हाय मिळायची, ताई." पदवी नाही म्हणजे एम.एस्सी.ला प्रवेश नाही. अख्खं वर्ष गेलं. तेही कशापायी, तर कुणी वाचत नाही अशा वीस पानांपायी. माझा इतका संताप झाला की त्या दिवशी मी जेवलेच नाही. संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा मी सांगून टाकलं, "निकाल अजून लागला नाही गं." आई "बरं" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

आमचं गाव राधानगरीच्या अलीकडे. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत खोली घेऊन राहते. बरोबर सबिना असते, ती मलकापूरची. खोलीत स्वयंपाकाला मनाई आहे, आणि मेसचं जेवण मी पहिल्याच महिन्यात सोडलं. त्यामुळे माझा डबा गावाहून एसटीनं येतो. सकाळी सव्वाआठची गाडी गावातून सुटते आणि पावणेदहाला रंकाळा स्टँडला लागते. ड्रायव्हर इलाहीमामा डबे आपल्या सीटमागे रचून आणतात. आमच्या गावची आम्ही तिघं इथं शिकतो, म्हणून तीन डबे असतात. माझा वायरच्या हिरव्या पिशवीत. सम्राटचा लाल फडक्यात, तो त्याची आजी तानाबाई बांधते. तिसरा मुजम्मिलचा, त्याची आई हुसेनबी झाकणावर रंगानं चंद्र काढून पाठवते. संध्याकाळी पाचच्या गाडीनं तेच डबे माघारी जातात. आम्ही ते धूत नाही. तीन वर्षांत एकदाही धुतले नाहीत, कबूल करते.

मार्चमध्ये मी पर्यावरणाच्या सरांना गाठलं. विजयसिंह इंगवले सर. उंच, सावकाश बोलणारे आणि कुणाचंच कौतुक न करणारे. ते म्हणाले, "एक महिन्याची नोंद पाहिजे. रोजची. हातानं लिहिलेली. चैत्र पौर्णिमेच्या आदल्या दिवशी अकरा वाजता तोंडी परीक्षा. त्या दिवशी फाइल नसेल तर पुढच्या वर्षी भेटू."

पुढच्या वर्षी भेटायची मला मुळीच हौस नव्हती. विषय मात्र चांगला सुचला, असं माझं मलाच वाटलं. 'गावाहून येणाऱ्या डब्यांतील उरलेले अन्न : एक अभ्यास.' रोज संध्याकाळी तिन्ही डबे परत जाण्याआधी उघडायचे, उरलेलं तोलायचं, लिहायचं. घरमालकिणीचा स्वयंपाकघरातला काटा मागून आणला. पण मध्ये प्रॅक्टिकल परीक्षा आली, मग वनस्पतिशास्त्राचं सबमिशन आलं, आणि काट्यावर पहिला डबा ठेवायला एप्रिल उजाडला. चार दिवस मी इमानदारीत तोललं. सम्राट रोज माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघत होता.

पाचव्या दिवशी सबिना म्हणाली, "महिना कुठनं आणणार आता?"

"मनानं भरते."

"सगळेच भरतात," ती म्हणाली. "फक्त शोभतील असे भर."

मग मी कॉटवर मांडी घालून महिना तयार केला. महिना कुठला, हे सरांनी सांगितलं नव्हतं. फेब्रुवारी निवडला, कारण तो अठ्ठावीस दिवसांचा, म्हणजे लिहायला दोन दिवस कमी. भाकरी चाळीस ग्रॅम, भाजी पंचवीस ग्रॅम, भात साठ ग्रॅम. कधी जरा वर, कधी जरा खाली, बघणाऱ्याला खरं वाटेल इतपत. शेवटी निष्कर्ष लिहिला : उरलेले अन्न कचऱ्यात जाते, विद्यार्थ्यांमध्ये अन्नाबाबत जागरूकता नाही, ती निर्माण करणे ही काळाची गरज आहे. पहिल्या पानावर आभार मानले. प्राचार्यांचे, सरांचे, सबिनाचे आणि काट्याबद्दल घरमालकिणीचे. अक्षर माझं मोत्यासारखं आहे, असं सगळे म्हणतात. फाइल झेरॉक्सवाल्याकडून बांधून घेतली तेव्हा मी स्वतःवर चांगलीच खूश होते.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी ती फाइल घेऊन मी तशीच स्टँडवर गेले. सायकलवर एका हातात फाइल धरणं जमेना, म्हणून ती डब्याच्या वायरच्या पिशवीत उभी खोचली. स्टँडवर सम्राट भेटला, मुजम्मिल भेटला, जोतिबाच्या यात्रेला कोण कोण चालत जाणार यावर गप्पा झाल्या. तेवढ्यात इलाहीमामांनी हॉर्न दिला आणि मी रोजच्यासारखी पिशवी त्यांच्या हातात दिली. गाडी गेली. मी रंकाळ्यावर एक भेळ खाल्ली. खोलीत आल्यावर सबिनानं विचारलं, "फाइल बघू?" आणि मला आठवलं, फाइल पिशवीतच होती.

आईला फोन लावला. ती म्हणाली, "व्हय, आलीया. आत्ताच मामांनी पिशवी दिली. भाजीचा डाग न्हाय पडला, काळजी करू नगंस."

"आई, उद्या सकाळच्या गाडीनं पाठव. नक्की. अकराला परीक्षा आहे."

"धाडतो की. डब्याबरूबरच धाडतो." मग तिनं विचारलं, "डब्याचं लिवलंयस व्हय हे?"

"हो. कॉलेजचं आहे. तू नको वाचत बसू."

हे वाक्य मी उच्चारायला नको होतं. माझी आई दहावी पास आहे. वाचू नको म्हटलेली गोष्ट तिनं आजवर एकही वाचायची सोडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला मी स्टँडवर हजर. गाडीचा पत्ता नाही. निम्म्या गाड्या यात्रेसाठी जोतिबाला लावलेल्या, आणि गुलालानं रंगलेली माणसं चौकशी खिडकीशी दाटीनं उभी. दहा वाजले. सव्वादहा झाले. वर्ष वाया जाणार, आणि तेही माझ्याच हातानं पिशवीत घालून दिलेलं, या विचारानं मला रडू यायच्या बेतात होतं. दहा पंचवीसला गाडी आली. इलाहीमामांनी खिडकीतूनच हिरवी पिशवी पुढं केली.

"तुझ्या आईनं शपथ घातलीया," ते म्हणाले. "पोरगीच्या हातातच द्या म्हणून. रस्त्यात माझ्या सीटजवळ कुणाला उभं ऱ्हाऊ दिलं न्हाय बघ."

मी बाकावर बसून फाइल उघडली, फक्त पानं नीट आहेत ना बघायला. पानं नीट होती. पण माझ्या मोत्यासारख्या अक्षराच्या शेजारी, वर, खाली, समासात, सगळीकडे पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. आईचं अक्षर. किंचित उजवीकडे कललेलं.

पहिल्याच रविवारसमोर मी लिहिलं होतं : भाकरी ४५ ग्रॅम, भाजी ३० ग्रॅम. शेजारी आई : "रविवार. डबा नव्हता. तू हितं जेवलीस. माझ्या पानातलं वांगं उचललंस."

चौदा तारखेला मुजम्मिलचा भात मी सत्तर ग्रॅम उरवला होता. शेजारी : "हुसेनबी म्हणत्यात, शबेबरातचा रोजा होता. डबा धाडलाच न्हाय. पोरगी कुणाचा भात तोलतीया?"

महाशिवरात्रीला मी भाकरी चाळीस ग्रॅम शिल्लक दाखवली होती. "उपास. साबुदाणा धाडला होता. एक दाणा माघारी आला न्हाय."

सम्राटच्या डब्याच्या रकान्यात खालपर्यंत एकच ओळ ओढलेली : "तानाबाई म्हणत्यात, आमच्या सम्राटनं लहानपणापास्नं काय उरवलेलं आठवत न्हाय. हे आकडे दुसऱ्या कुणाचं तरी आसतील." आणि निष्कर्षात, 'कचऱ्यात जाते' याच्यावर मोठी फुली : "कचऱ्यात कोण टाकतंय? म्हशीला जातं. म्हशीला इचार."

मी संतापानं लाल झाले. आदल्या संध्याकाळी तिघी बायका आमच्या सोप्यात बसून माझा प्रकल्प तपासत होत्या आणि हसत होत्या, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मग माझ्या लक्षात आलं की आईनं प्रत्येक तारखेला काही ना काही लिहिलंय. इतकं आठवतं कसं? आणि आमच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर आठवलं. त्याच्या चौकोनात ती रोज पेन्सिलीनं काहीतरी खरडते. मला वाटायचं, कुठली भाजी केली ते लिहीत असेल, परत तीच होऊ नये म्हणून. ते लिहीत होतीच. शिवाय डब्यातून काय परत आलं तेही लिहीत होती. तीन वर्षं.

मी पानं उलटत गेले. "वांगं संपलं. भाकरी अर्धी. दाताला कळ आसंल." "सगळं संपलं. खूश हाय." "भात तसाच. रसायनचं प्रॅक्टिकल." रसायनचं प्रॅक्टिकल खरंच त्या दिवशी होतं. मी तिला सांगितल्याचं मला आठवत नव्हतं.

मग अकरा तारीख आली. माझ्या रकान्यात होतं : भाकरी ४० ग्रॅम, भाजी २५ ग्रॅम. शेजारी तिनं लिहिलं होतं : "सगळा डबा जसाच्या तसा माघारी. झाकणबी काढलं न्हाय. निकाल लागला आसंल. आपणहून सांगंल तवा सांगंल. इचारायचं न्हाय."

त्या दिवशी फोनवर ती नुसती "बरं" म्हणाली होती. दोन महिने तिला ठाऊक होतं आणि दोन महिने ती मला वांगी, मेथी, दही-भात धाडत राहिली. एकदाही एका शब्दानं तिनं विचारलं नाही. मी स्टँडच्या बाकावर बसून रडले. शेजारचे एक पावणे म्हणाले, "बाय, गाडी चुकली व्हय?" मी नाही म्हणून मान हलवली आणि उठले. अकराला वीस मिनिटं होती. पेन्सिल खोडायला खोडरबर होतं माझ्याकडे, दप्तरात. खोडायला वेळही होता, निदान पहिली चार पानं. मी खोडलं नाही. त्यात काही मोठेपणा नव्हता. अकरा तारखेची ती ओळ मला खोडवेना, आणि एक ठेवून बाकीच्या खोडायच्या म्हणजे काय.

इंगवले सरांनी फाइल घेतली. पहिलं पान, दुसरं पान. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.

"हे पेन्सिलीनं कुणी लिहिलंय?"

"आईनं, सर."

"आणि पेननं?"

"मी."

"यातलं खरं कुठलं?"

एवढ्या सरळ प्रश्नाला आडवळणानं उत्तर देता येत नाही. मी म्हणाले, "पेन्सिलीचं, सर. मी चारच दिवस तोललं, तेही एप्रिलमध्ये. बाकी सगळं मनानं भरलं."

सरांनी पान उलटलं, आणि तानाबाईंच्या ओळीपाशी त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मला ते हसू वाटलं, पण खात्री नव्हती.

"यात ग्रॅम नाहीत," ते म्हणाले.

"घरी कुणी डबा तोलत नाही, सर. झाकण काढून बघतात."

"मग ग्रॅम कशाला पाहिजेत? अर्धी भाकरी म्हणजे अर्धी भाकरी. ते मला कळतं." ते अकरा तारखेच्या पानावर आले. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली. शेवटी ते म्हणाले, "पंधरा वर्षं मी हे प्रकल्प तपासतोय. सगळे आकडे नीट बसलेले असतात. रविवारी सुद्धा." मग घड्याळाकडे बघितलं. "तीन वाजेपर्यंत नवीन तक्ता लिहून आण. तुझा डबा तुझ्या आईच्या नोंदीप्रमाणं, बाकीच्यांचा जेवढा माहीत आहे तेवढाच. माहीत नसेल तिथं माहीत नाही असं लिही. नोंद कुणी घेतली त्यांची नावं वर. आणि तो निष्कर्ष फाड, तो मी दरवर्षी साठ वेळा वाचतो. काळाची गरज."

लायब्ररीत बसून मी लिहून काढलं. नोंद : माझी आई, तानाबाई, हुसेनबी. आमच्या घरच्या म्हशीलाही एक ओळ दिली. 'माहीत नाही' हे शब्द मी सव्वीस वेळा लिहिले, आणि दर वेळी जरा हलकं वाटलं. निष्कर्षापाशी आले तेव्हा मला विचार करावा लागला नाही, तो तक्त्यात दिसतच होता. ज्या आठवड्यात प्रॅक्टिकल, चाचणी किंवा निकाल, त्या आठवड्यात डबा जास्त परत जातो. भाजी कुठली होती याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. आवडतं वांगंसुद्धा परत गेलंय. परीक्षेचं वेळापत्रक घरी कुणी लावलेलं नाही, तरी ते घरी कळतं. एवढंच लिहिलं. फाइल वीस पानांची होती, ती नऊ पानांची झाली.

तीनला पाच कमी असताना सरांनी ती वाचली, पेन उघडलं आणि तीसपैकी एकवीस लिहिले. "मनानं भरल्याबद्दल सहा कापलेत," ते म्हणाले. "उरलेले तीन मी कुणालाच देत नाही." पेन्सिलवाली जुनी फाइल त्यांनी माझ्याकडे सरकवली. "ही घरी ठेव. ही कुठं जमा करायची नाही."

मी बाहेर आले. एकवीस गुण. विषय सुटला, राखीव गेलं, जूनमध्ये एम.एस्सी.चा फॉर्म भरता येणार. जिन्यावरून उतरताना मला इतकी भूक लागली की काय सांगू. डबा सकाळपासून पिशवीत तसाच होता. मी रंकाळा स्टँडवरच बसले, सकाळच्याच बाकावर. भरलं वांगं होतं, दोन भाकऱ्या, लसणीची चटणी, ताकाची बाटली, आणि एका चिमुकल्या डबीत दही-साखर. परीक्षेला जाताना खायची दही-साखर मी परीक्षा झाल्यावर खाल्ली. सगळं खाल्लं. वांग्याचं देठसुद्धा चोखून टाकलं. मग स्टँडच्या नळावर गेले आणि डबा धुतला, झाकण धुतलं, डबीही धुतली. सम्राट त्याचा लाल फडक्यातला डबा घेऊन आला होता, तो बघतच राहिला.

"बरी हायस न्हवं?" त्यानं विचारलं.

पाचच्या गाडीनं डबा गेला. मी आईला फोन केला नाही. सांगायचं होतं, पण मी दम धरला. सबिना म्हणाली, "अगं कळव की, त्या वाट बघत असतील." मी म्हटलं, "कळवलंय."

पावणेसातला फोन वाजला.

"पास झालीस," आई म्हणाली. विचारलं नाही, सांगितलंच.

"कशावरनं?"

"डबा धुऊन कवा धाडलायस तू?" तिच्या आवाजामागे तानाबाई आणि हुसेनबी एकदम बोलत होत्या, आणि भांड्यांचा आवाज येत होता. मला तिला म्हणायचं होतं की फेब्रुवारीत मी खोटं बोलले, आणि मी ते म्हणालेही. ती म्हणाली, "ठावं हाय. थांब जरा, फोन धर."

"कुठं चाललीस?"

"कॅलेंडरवर लिवतो," आई म्हणाली. "पेन्सिल कुठं ठेवलीया कुणाला ठावं."